उभी हद्द, आडवा रस्ता

एकट्यानं गाडी काढून लांब कुठंतरी जाण्याला हल्ली 'सोलो ट्रिप' म्हणतात. पूर्वी असं कुणी केलं तर शेजारी हळूच विचारायचे, "घरात काही झालंय का?" आता तोच माणूस परत येऊन आपल्याला प्रांतोप्रांतीचं वैविध्य सांगतो. अमक्या नाक्यापासून चहातलं आलं गेलं आणि पुदिना आला, तमक्या गावापासून डाळीत गूळ पडायला लागला आणि फलाण्या पुलानंतर माणसं एकदम प्रेमळ झाली. पुलाच्या अलीकडे हा दोन तास ट्रॅफिकमध्ये अडकून सगळ्या जगाला शिव्या घालत होता, म्हणून तिथली माणसं प्रेमळ वाटली नाहीत, एवढं मात्र तो गाळतो.

या वैविध्यशोधकांचा लाडका रस्ता म्हणजे मुंबई-अहमदाबाद महामार्ग. नंबर 48. योगायोग असा की वसई-पालघरकडच्या गाड्यांचं पासिंगही एमएच-48. म्हणजे 48 वरून 48 निघतात आणि घोडबंदरच्या आसपास सगळ्या मिळून उभ्या राहतात. तिथं प्रांतभेद, जातिभेद, वर्गभेद काही उरत नाही. मर्सिडीज आणि टेम्पो एकाच वेगानं, म्हणजे शून्यानं, पुढे सरकतात. समतेचा इतका भक्कम प्रयोग देशात दुसरीकडे कुठं चालू असेल असं वाटत नाही.

मनोर आलं की 'काठियावाडी ढाबा' अशा पाट्या लागतात. काठियावाड तिथून पाचशे किलोमीटरच्या पलीकडे. आचारी उत्तर प्रदेशचा, वाढपी ओडिशाचा, भांडी घासणारा मागच्या पाड्यावरचा, गिऱ्हाईक बोरिवलीचं. अस्सल काठियावाडी म्हणावं असं ताटात एकच, ते म्हणजे पाटीवरचं नाव. तरी आपला सोलो प्रवासी शेवभाजीचा फोटो काढून 'गुजरातची चाहूल' असं लिहितोच. गुजरात अजून तासभर लांब असतं, पण चाहूल लागायला काय जातं?

ढाब्याच्या मागं स्वच्छतागृहं. दारांवर वारली चित्रं. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून माणूस, त्याच्या डोक्यामागं अंबाड्याचा गोळा चढवला की बाई. हे चित्र ज्यांनी कागदावर आणलं ते जिव्या सोमा मशे गंजाडचे. चारोटीहून डहाणूकडे वळलं की गंजाड वाटेतच लागतं. लग्नात देवीचा चौक भिंतीवर काढायचा तो बायकांनी, ही रीत. मशे पुरुष असून 1970 च्या दशकात त्यांनी ही चित्रं रोज काढायला घेतली, लग्न असो नसो. 2011 साली पद्मश्री मिळाली, चित्रं युरोपातल्या दालनांत लागली. महामार्गावर मात्र वारली चित्रकलेचं काम एकच, कोणत्या दारातून आत जायचं ते सांगणं. त्यातही अंबाडा पुसट झालेला असला की पंचाईत.

असो. अच्छाडला महाराष्ट्र संपतो. संपतो म्हणजे ट्रकांची रांग लागते. सीमा म्हटली की आपल्याला दोन संस्कृतींचा संगम वगैरे आठवतो. इथं संगम आहे तो दोन करांचा. गुजरातेत पेट्रोल लिटरमागं आठ-दहा रुपयांनी स्वस्त, महाराष्ट्रात दारू राजरोस. तेव्हा तिकडचा माणूस इकडे ग्लास भरायला येतो आणि इकडचा माणूस तिकडे टाकी भरायला जातो. दोघंही आपापल्या सरकारचा महसूल शेजारच्या सरकारला देतात आणि आपापल्या अस्मितेची गाणी लावून घरी परततात.

गंमत पुढंच आहे. दारूचा कायदा दोन्हीकडे मुळात एकच, 1949 चा मुंबई दारूबंदी कायदा. 1960 साली घर वाटलं तेव्हा भांडीकुंडी, फायली, कर्मचारी यांच्याबरोबर हा कायदाही दोघांच्या वाट्याला आला. गुजरातनं त्यातली बंदी ठेवली. आपण त्यातले परवाने ठेवले. पुढे दोघांनीही त्यावरचं 'मुंबई' खोडून आपापलं नाव घातलं. एकाच पुस्तकाच्या आधारानं एका नाक्यावर माणूस आत जातो आणि त्याच्या अलीकडच्या नाक्यावर तोच माणूस 'बसा साहेब' होतो. आणि या दोघांच्या भांडणात न पडता दमण आपलं वापीच्या शेजारी बसून दोन्हीकडचं गिऱ्हाईक सांभाळतं. पोर्तुगीज 1961 साली गेले, पण जाताना दुकान चांगल्या मोक्याच्या जागी टाकून गेले.

आणि या साऱ्या देवघेवीच्या तोंडावर तलासरीत काय फडकतं? लाल बावटा. वापीच्या कारखान्यांपासून फार लांब नाही, पण चौकाचौकात विळा-हातोडा. डहाणू मतदारसंघानं 2019 साली आणि 2024 साली मार्क्सवादी पक्षाचा आमदार निवडून दिला, जेव्हा राज्यातल्या बाकीच्यांना असा पक्ष अजून आहे हेही आठवत नव्हतं. सोलो प्रवासी या बावट्यांचं रील करत नाही. त्याला ते रस्तादुरुस्तीचं निशाण वाटतं.

आता दुसरी वाट बघू. महामार्ग सोडून समुद्राकडून गुजरातेत शिरायची. डहाणू, नरपड, चिखले, घोलवड, बोर्डी, झाई. एका अंगाला सुरू, दुसऱ्या अंगाला चिकू. झाई ओलांडली की उंबरगाव, म्हणजे गुजरात. पण हे सांगावं लागतं. सुरू तेच, चिकू तोच, बांबूच्या दांड्यांवर जबडा अडकवून वाळत घातलेले बोंबील तेच. दुकानांवर गुजराती अक्षरं दिसली म्हणून गुजरात आलं म्हणावं, तर ती डहाणूच्या बाजारपेठेतच दिसायला लागलेली असतात. पूर्वी निदान मोबाइलवर रोमिंगचा मेसेज यायचा. रोमिंग फुकट झालं तेव्हापासून सीमेनं तेवढंही बोलणं सोडलं.

दिसेल कशी? 1960 पर्यंत उंबरगाव हा ठाणे जिल्ह्याचाच तालुका. राज्याची वाटणी झाली तेव्हा त्यातली बरीच गावं गुजरातकडे गेली, उरलेली महाराष्ट्राकडे राहिली आणि इकडच्या उरलेल्यांचं तलासरी झालं. सासर गेलं गुजरातेत, माहेर राहिलं महाराष्ट्रात. कुणी म्हणेल साठ-पासष्ट वर्षं झाली त्याला. झाली खरी, पण लग्नं अजून तशीच जमतात. नवरा-नवरीचं राज्य कोणतं, हे बघायची पद्धत अजून तिथं पडलेली नाही.

एक गोष्ट मात्र आपल्या हातून गेली, त्याची हळहळ वाटते. 1987 साली रविवारी सकाळी सगळा देश अंघोळ करून, टीव्हीला हार घालून जे 'रामायण' बघत होता, त्याचं चित्रीकरण झालं उंबरगावच्या स्टुडिओत. रेघ जरा वर सरकली असती तर अयोध्या ठाणे जिल्ह्यात मोडली असती. मग पालकमंत्रिपदावरून केवढं महाभारत झालं असतं.

महाराष्ट्रात 'सीमाप्रश्न' म्हटलं की बेळगाव. घोषणा, मोर्चा, ठराव, सगळी सामग्री तयार असते. या टोकाला सीमाप्रश्न असतो तो विजेच्या खांबाचा. तलासरीतलं वेवजी आणि उंबरगावकडचं सोळसुंबा यांच्या हद्दीचा वाद मध्ये वर्तमानपत्रांत गाजला. दिवे लावणारी ग्रामपंचायत तिकडची, जमीन आमची, अशी वेवजीकरांची तक्रार. आक्रमण झालं म्हणावं, तर उजेड पडला होता. आपल्या हद्दीतला अंधार परत मिळावा म्हणून अर्ज कसा लिहायचा, याचा नमुना कोणत्याही तहसील कचेरीत मिळत नाही. नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाण्याकडच्या काही गावांनी तर 2022 साली सरळच सांगितलं होतं की, सोयी देणार नसाल तर आम्हाला गुजरातेत घाला. त्यानंतर काही दिवस अधिकाऱ्यांच्या गाड्या सुरगाण्याची वाट विचारत फिरत होत्या म्हणतात. तलासरीच्या बऱ्याच पाड्यांना जवळचं स्टेशन गुजरातेतलं, संजाण नाहीतर उंबरगाव. माणूस जास्त आजारी झाला तर धाव वापी, वलसाड नाहीतर सिल्वासा. कामाला जायचं ते उंबरगाव, सरीगाम, वापीच्या कारखान्यांत. महाराष्ट्राशी संबंध येतो तो रेशन कार्डावर आणि मतदानाला.

तेव्हा उत्तरेकडे तोंड करून गाडी हाकणाऱ्याला इथं प्रांतभेद सापडायचा नाही. त्याची इच्छाच असेल, तर डहाणूच्या किनाऱ्यावर स्टेअरिंग उजवीकडे फिरवावं आणि पूर्वेला निघावं. चारोटी जेमतेम पंचवीस-तीस किलोमीटर. एवढ्यात जितके मुलूख लागतात, तितके पुण्याहून नागपूरला जाताना लागत नाहीत.

पहिला मुलूख पाण्याचा. मांगेला, कोळी. त्यांचं घड्याळ भरती-ओहोटीचं, त्यांचा पगार देवाच्या हातात आणि डिझेलचा दर दिल्लीच्या. दुसरा मुलूख बागांचा. तिसरा स्टेशनचा, आणि तो वेगळा का हे स्टेशनच्या नावातच आहे. डहाणू गाव खाडीकडे, रेल्वे गेली आतून, म्हणून स्टेशन झालं 'डहाणू रोड'. रोडचं पुढे गावापेक्षा मोठं शहर झालं. दुकानदार गुजराती, मारवाडी. वकील, मास्तर मराठी. हिशेबाची भाषा एक, कोर्टाची दुसरी. आणि चौथा मुलूख फाटकाच्या पलीकडचा. रूळ ओलांडले की बाग संपते, घरांमधलं अंतर वाढतं, गावाऐवजी 'पाडा' हे नाव लागतं, आणि 'नमस्कार'च्या जागी 'जोहार' येतो. भाषा वारली. बोर्डीचा माणूस उंबरगावच्या माणसाशी तासभर बोलू शकेल, पण पाच किलोमीटर पूर्वेच्या पाड्यावरच्या म्हातारीशी बोलताना त्याला मध्ये कुणीतरी लागतं. खरी हद्द ही. ती नकाशावर आडवी नाही, उभी आहे. दक्षिणोत्तर, रुळांच्या बाजूबाजूनं. तिच्यावर तपासणी नाका नाही, कारण पलीकडून अलीकडे येणाऱ्याची गरज रोज सकाळी सात वाजता लागते.

चिकूच्या शेडमध्ये आणखी चार मुलूख एका छताखाली सापडतात. झाड मूळचं मध्य अमेरिकेकडचं, ज्याच्या चिकापासून तिकडे च्युइंग गम करायचे. बागवान मूळचे इराणचे. डहाणूत 'इराणी रोड' उगाच नाही. तोडणारे हात वारली. आणि खाणारे दिल्लीचे. मी बघत उभा होतो त्या शेडमध्ये बायका पाय दुमडून बसल्या होत्या. समोर चिकूचा ढीग. चिकू उचलायचा, अंगठ्यानं त्याच्यावरची भुरकी पुसत एकदा फिरवायचा आणि उजवीकडच्या, डावीकडच्या किंवा मागच्या क्रेटमध्ये टाकायचा. मागं बघायचं नाही. आकार ठरवायला डोळ्याला लागतो त्याहून कमी वेळ. शेठ फोनवर दिल्लीच्या व्यापाऱ्याशी हिंदीत भाव करत होते, मुलाला गुजरातीत झापत होते, मला मराठीत 'बसा ना' म्हणत होते आणि बायकांना वारलीत घाई करत होते. 'डहाणू-घोलवड चिकू'ला भौगोलिक मानांकन मिळालं आहे. भूगोलात नेमकं कोण कोण येतं, ते मात्र त्या प्रमाणपत्रात विचारलेलं नसावं.

जवळच संजाण. पारशी मंडळी हजारएक वर्षांपूर्वी तिथं उतरली, राजानं भरलेला दुधाचा पेला दाखवला आणि यांनी त्यात साखर विरघळवली, ही गोष्ट आपल्याकडे शाळेपासून ऐकवतात. फार गोड गोष्ट आहे. दूध कुणाच्या गाईचं होतं आणि गाई कोण राखत होतं, एवढंच त्यात नाही.

राखणाऱ्यांची गोष्ट बऱ्याच उशिरानं लिहिली गेली. 1945 च्या मे महिन्यात झरी गावात वारल्यांची मोठी सभा झाली. झरी तेव्हा उंबरगाव तालुक्यात, आज तलासरीत. वेठ करायची नाही, हे तिथं ठरलं. वारल्यांना संघटित करणारे गोदावरी आणि शामराव परुळेकर त्यात होते. तोवर लग्नासाठी सावकाराकडून कर्ज घेतलं की नवरा-बायको दोघंही त्याच्याकडे राबायला बांधले जात. त्यांना 'लग्नगडी' म्हणत. गोदावरीबाईंच्या 'जेव्हा माणूस जागा होतो'ला 1972 साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, आणि पुस्तक मराठी मध्यमवर्गाच्या कपाटात जाऊन बसलं. झरी कुठं आहे, हे तेव्हाही त्यातल्या फार थोड्यांना सांगता आलं असतं. अच्छाडच्या अलीकडे पेट्रोलचा काटा बघत भरधाव जाणाऱ्याला आजही कुणी विचारू नये.

आणखी दोघींचीही नोंद इथंच करायला हवी. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ. 1945 साली बोर्डीत ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झालं. बोर्डी म्हणजे समुद्र, बागा, नावाजलेली शाळा, सुशिक्षित वस्ती. तिथंच बसून अहवाल लिहिले असते तरी पुरस्कार मिळाले असते. पण 1957 साली त्या रूळ ओलांडून कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. मुलं शाळेत येत नाहीत, कारण गुरं राखायला जातात; मग शाळाच कुरणात नेली. तिला नाव 'कुरणशाळा'. महाराष्ट्रात शिक्षणाच्या नावानं निघालेल्या एवढ्या यात्रांत हा प्रवास सगळ्यांत लांबचा म्हणावा, अंतर भरतं थोडक्या किलोमीटरचं. आज त्याच टेकडीच्या आसपास 'निसर्गरम्य होमस्टे' शोधत गाड्या फिरतात.

डहाणू आणि तलासरी या दोन तालुक्यांना रस्ते कमी आहेत असं कुणी म्हणू नये. पश्चिम रेल्वे जाते. महामार्ग जातो. मालगाडीचा वेगळा लोहमार्ग जातो. मुंबई-वडोदरा द्रुतगती मार्ग जातो. बुलेट ट्रेनचे खांब जातात. सगळे दक्षिणोत्तर, सगळे उभे, आणि क्रियापद सगळ्यांचं एकच, 'जातो'. बुलेट ट्रेन बोईसरला थांबणार आणि मग एकदम वापीला. मधली डहाणू-तलासरी तीनशेच्या वेगानं दिसेल, म्हणजे दिसणार नाही. सूर्या नदीवर धरण बांधलं, तिचं पाणी नळातून दक्षिणेला वसई-विरार, मीरा-भाईंदरला. डहाणूत 500 मेगावॅटचं औष्णिक वीज केंद्र, त्याची वीज मुंबईच्या उपनगरांना. माणूस, माल, पाणी, वीज सगळं उभंच्या उभं निघून जातं. फक्त धुंदलवाडीच्या बाईला डहाणूच्या कचेरीत दाखला काढायला आडवं जायचं असतं आणि ती नाक्यावर टमटमची वाट बघत उभी असते. टमटम भरल्याशिवाय सुटत नाही. भरली म्हणजे किती, याला वरची मर्यादा नाही. त्याच नाक्यावरून सोलो प्रवासी पाच सीटांच्या गाडीत एकटा, एसी लावून, 'स्वतःचा शोध' घेत पुढे जातो.

धुंदलवाडीचं नाव बाकीच्या राज्यानं ऐकलं ते 2018 च्या नोव्हेंबरनंतर, भूकंपाचे धक्के बसायला लागले तेव्हा. एक झाला, दुसरा झाला, मग मोजणं सोडून द्यावं इतके. मुलांचे वर्ग उघड्यावर भरले, लोक थंडीत बाहेर झोपले, सरकारनं तंबू दिले. कारवीच्या कुडाचं जुनं घर हलतं आणि परत उभं राहतं. सिमेंटच्या नव्या घराला तडा जातो. विकास हवा म्हणून ज्यांनी कूड पाडून भिंत घेतली, त्यांनीच रात्री अंगणात अंथरूण टाकलं. एरवी या भागात हलतं ते फार थोडं, तेव्हा जमिनीनंच पुढाकार घेतला असावा.

आणखी एक हद्द आहे, तिच्यापर्यंत कोणाचीच गाडी जात नाही. डहाणू-तलासरीचे अनेक आदिवासी तरुण ओखा, पोरबंदर, वेरावळच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात. ज्यांच्या बापजाद्यांनी समुद्र लांबून बघितला, ते अरबी समुद्रात आठ-आठ महिने काढतात, कारण गावात पाऊस संपला की काम संपतं. मासे जिथं, तिथं बोट जाते. पाण्यावर रेघ नसते, पाकिस्तानी गस्तीची बोट मात्र असते. बोट गुजरातची, खलाशी महाराष्ट्राचा, तुरुंग कराचीचा. मग घरची बाई कागद घेऊन फिरते. तिला तलासरीची कचेरी सांगते बोट कुठली ते बघा, आणि बोटवाले सांगतात माणूस कुठला ते बघा. दोन राज्यांतला फरक बघायला निघालेल्यांनी तिच्याबरोबर एक दिवस रांगेत उभं राहावं, फोटोला परवानगी मिळेल.

आडवी जाणारी माणसं तरीही आहेत. ती दिसतात कासा-चारोटीकडच्या आठवडी बाजारात. किनाऱ्याच्या बायका सुकट, जवळा, वाळवलेले बोंबील घेऊन डोंगराकडे येतात, डोंगराच्या बायका रानभाज्या, डांगर, कंद घेऊन खाली उतरतात. चैत्रात महालक्ष्मीच्या जत्रेला तर दोन्हीकडचं सगळं खटलं विवळवेढ्याला लोटतं, वरून गुजरातचंही. बाजारात एक मावशी जमिनीवर गोणपाट टाकून सुकटीचे वाटे मांडून बसल्या होत्या. समोर पाड्यावरची बाई. वाट्यातली सुकट तिनं बोटानं खालीवर केली, नाक मुरडलं. मावशींनी चिमूटभर वर टाकली. बाईनं अजून नाक मुरडलं. अजून चिमूट. तोंडानं दोघीही काही बोलल्या नाहीत आणि सौदा झाला. मी भाव विचारला तर मावशींनी मला दुप्पट सांगितला. "ती सांगते तेवढ्यात द्या की," म्हटलं. "ती दर आठवड्याला येते," मावशी म्हणाल्या, "तुम्ही कधी येणार परत?" यावर सोलो प्रवाशाकडे उत्तर नसतं.

"एकटेच आलात?" त्यांनी विचारलं. होय म्हटलं. "गाडीत मागं जागा असेल मग." विचारणं नव्हतं ते. दहा मिनिटांत दोन मावशा, तीन रिकाम्या पाट्या आणि एक न विकली गेलेली पाटी मागच्या सीटवर होती आणि गाडीचा वास पुढच्या पावसाळ्यापर्यंत ठरून गेला होता. एकीला वरोरला उतरायचं होतं, दुसरीला धाकटी डहाणूला.

वरोरच्या अलीकडे भिंतींवर वाढवण बंदराच्या विरोधातल्या घोषणा दिसायला लागल्या. डहाणू तालुका पर्यावरणाच्या दृष्टीनं नाजूक आहे असं केंद्र सरकारनंच 1991 साली जाहीर केलेलं. 1996 साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून त्याच्यासाठी खास प्राधिकरण नेमलं गेलं, न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष, आणि त्यांनी 1998 साली बंदराला नकार दिला. त्याच प्राधिकरणानं, नव्या माणसांनी, 2023 साली होकार दिला. 30 ऑगस्ट 2024 रोजी पंतप्रधानांच्या हस्ते पालघरला पायाभरणी झाली. खर्च 76 हजार कोटींच्या वर. पंचवीस वर्षांत तालुक्याची तब्येत एवढी सुधारली, हे तालुक्याला कुणी कळवलं नव्हतं.

मी मावशींना म्हटलं, आता एक चांगलं होणार बघा. बंदरापासून महामार्गापर्यंत, तव्याकडे, नवीन रस्ता करतायत. सुमारे बत्तीस किलोमीटर, आठ पदरी. म्हणजे समुद्राकडून सरळ डोंगराकडे. आडवा.

"आडवा?" पहिल्या मावशींनी पाटी सावरली. "टमटम घेतील का त्याच्यावर?"

"कंटेनर जायला करतायत," मी म्हटलं.

"मग टोलनाका असेल," दुसरी म्हणाली. "पाटीला किती घेणार ते विचारून ठेवा. आणि काच खाली करा हो भाऊ, सुकटीला वारं लागू दे."